आधी कोण गायचं?

झाडं पहाटे स्वप्नं बघायची आणि त्यांतून हलकेच जागं करायला पक्षी ठेवायची, त्या काळची गोष्ट. दयाळ पक्ष्याचं आंब्याचं झाड वादळात पडलं, तसा तो नवी चाकरी शोधत धुक्यातून निघाला.

वडानं बोलावलं, "ये! सगळ्यात उंच फांदी देतो, वर रोज पिकली फळं."

पलीकडून बोर म्हणाली, "माझ्याकडे काटेच फार, बाबा. पण ये."

दयाळानं दोघांना एकच विचारलं, "माझ्याआधी इथं कोण गायचं?"

वड हसला. "कोण लक्षात ठेवतो? येतात, जातात."

बोर कुजबुजली, "हळू बोल. तो म्हातारा आत झोपलाय. गळा गेलाय त्याचा, पण उन्हं आली की अजून मान डोलावतो."

दयाळ काट्यांतून आत शिरला. म्हाताऱ्याशेजारी बसून, त्याची झोप मोडणार नाही इतक्या हळू त्यानं पहिली तान घेतली.