टिकली, ठिपका आणि न गुरगुरणारी गाडी

ही गोष्ट खरी आहे. शपथेवर सांगतो, अगदी खरी. मी या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, पाहिली नाही. तेव्हा मी भाकरी खात होतो. पण भाकरी खिडकीत बसून खात होतो. आणि खिडकीला पडदा होता. तर तेवढं सोडा. बाकी सगळं खरं.

एक होती जुनी गाडी. दौलतकाकाची. पेट्रोल पिणारी. घुर्र घुर्र करणारी. बाजारच्या दिवशी माणसं न्यायची, कोंबड्या आणायची.

गाडीच्या पोटात इंजिन. इंजिन गरम गरम. इंजिनाशेजारी एक चिंधी. चिंधीत दोन उंदीर. मोठी टिकली. धाकटा ठिपका. त्यांना आई नव्हती. इंजिनाची ऊब होती.

एक दिवस नवी गाडी आली. पांढरी. वीज पिणारी. धूर नाही. वास नाही. आवाजसुद्धा नाही.

जुनी गाडी कोपऱ्यात गेली. इंजिन गार पडलं. चाकांतली हवा गेली. फुस्स. गाडी खाली बसली. तिच्या पोटाखालचं भोक मातीत बुजलं.

टिकली तेव्हा बाहेर होती. ठिपक्यासाठी भाकरीचा तुकडा आणायला गेली होती. येऊन बघते तर भोक नाही.

"ठिपक्या, ए ठिपक्या."

आतून बारीक आवाज आला. "ताई, थंडी वाजते."

जुनी गाडी म्हणाली, "पोरी, घाई कर. सूर्य बुडायच्या आत भंगारचा ट्रक येणार. मला आकडा लावणार. ओढत नेणार. दाबून दाबून सपाट करणार."

"आणि ठिपक्याला?"



लांब डोंगरापलीकडे ट्रक निघाला. खडाम खडाम.

टिकली म्हणाली, "गाडी गाडी, झाकण उघड ना."

गाडी म्हणाली, "माझं झाकण माझ्या हातात नाही गं. आत एक खिटी आहे. काका उठेल, खिटी ओढेल, तेव्हा उघडेल."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

दौलतकाका नव्या गाडीत बसला होता. गंधबिंध लावून. गाडीच्या गळ्यात झेंडूची माळ. चाकाखाली लिंबू.

"काका काका, उठ ना.
झाकण उघडेना,
ठिपका बाहेर येईना."

काका म्हणाला, "मी नाही उठणार. नव्या गाडीत पहिल्यांदा बसलोय. चाकाने लिंबू चिरडल्याशिवाय खाली उतरायचं नसतं. आणि ही बया हलेना. तिला सांग."

ट्रक डोंगर उतरला. खडाम खडाम.

टिकली पुढच्या चाकापाशी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"नव्या गाडी, नव्या गाडी, हल ना.
काका उठेना,
झाकण उघडेना,
ठिपका बाहेर येईना."

नवी गाडी म्हणाली, "मी नाही हलणार. पोटात कण नाही विजेचा. वायर वीज देईना. तिला सांग."

टिकली वायरीपाशी गेली. तुरुतुरु तुरुतुरु. वायर अंगणात आडवी पडली होती. काळी, लांब, आळशी.

"वायरताई, वायरताई, वीज दे ना.
गाडी हलेना,
काका उठेना,
झाकण उघडेना,
ठिपका बाहेर येईना."

वायर म्हणाली, "मी नाही देणार. देऊ कुठून? बोर्ड एक, खाणाऱ्या दोघी. पिठाची गिरणी सगळी वीज गिळते. ती थांबेना. तिला सांग. आणि बाई, मला दात लावू नकोस."

ट्रक ओढा ओलांडून आला. खडाम खडाम.

टिकली गिरणीपाशी गेली. तुरुतुरु तुरुतुरु. गिरणी नुसती घरघरत होती. घर्र घर्र. घर्र घर्र.

"गिरणीबाई, गिरणीबाई, थांब ना.
वायर वीज देईना,
गाडी हलेना,
काका उठेना,
झाकण उघडेना,
ठिपका बाहेर येईना."

गिरणी म्हणाली, "मी नाही थांबणार. मला थांबता येत नाही, फिरता येतं. बटण कौसामावशीच्या हाती. ती बटण दाबेना. तिला सांग."

कौसामावशी शेजारीच उभी. नाकावर पीठ. भुवयांवर पीठ. पापण्यांवर पीठ. टिकली भीत भीत गेली. तुरु. तुरु.

"मावशी मावशी, बटण दाब ना.
गिरणी थांबेना,
वायर वीज देईना,
गाडी हलेना,
काका उठेना,
झाकण उघडेना,
ठिपका बाहेर येईना."

मावशी म्हणाली, "मी नाही दाबणार. जोंधळ्यांचं पोतं रिकामं झाल्याशिवाय गिरणी बंद करायची माझी पद्धत नाही. पोतं रिकामं होईना. त्याला सांग. आणि थांब, तू उंदीर ना गं? माझा खराटा कुठंय?"

टिकली पळाली. तुरुतुरुतुरुतुरु.

ट्रक शाळेपाशी आला. खडाम खडाम. सूर्य लाल झाला.

टिकली पोत्यापाशी गेली. पोतं भिंतीला टेकून बसलं होतं. ढेरी पुढे काढून.

"पोतोबा, पोतोबा, रिकामं हो ना.
मावशी बटण दाबेना,
गिरणी थांबेना,
वायर वीज देईना,
गाडी हलेना,
काका उठेना,
झाकण उघडेना,
ठिपका बाहेर येईना."

पोतं म्हणालं, "मी नाही होणार. भरल्या पोटी बरं वाटतं मला. तुझा ठिपका, तुझं तू बघ."

"पुढे कोणाला सांगू?"

"पुढे कोणी नाही," पोतं म्हणालं.

खरंच, पुढे कोणी नव्हतं. भिंत होती. टिकलीने मागे वळून पाहिलं. जुन्या गाडीतून आता आवाज येत नव्हता.

टिकली रडली नाही. टिकलीने तोंड उघडलं. आत दात होते. सुईसारखे.

कुरूम कुरूम. कुरूम कुरूम.

"ए, ए, काय करतेस? गुदगुल्या होतात. ए, दुखतंय. होतो गं होतो, रिकामं होतो."

सर्रर्रर्र.

पोतं रिकामं झालं.

"अगं बाई, माझे जोंधळे सांडले," असं म्हणत मावशीने बटण दाबलं. खट्.

गिरणी थांबली. घर्र... घर... घ.

वायरीने वीज दिली. घट घट घट.

नव्या गाडीचं पोट भरलं. ती म्हणाली, "बास." वायर गळून बाजूला पडली. थप्प.

पण गाडी हलेना. आणि काका उठेना.

"काका काका, आता काय झालं?"

काका कान लावून बसला होता. "आवाज कुठंय? घुर्र नाही झालं. गाडी चालूच झाली नाही."

"काका, हिला आवाज नसतो."

"आवाज नाही अशी गाडी असते होय? मला शिकवतेस?"

काकाचा सगळा जन्म घुर्र ऐकण्यात गेला होता.

ट्रक अंगणात आला. खडाम. थांबला. एक माणूस उतरला. त्याने जुन्या गाडीला आकडा लावला. खटॅक. जुन्या गाडीचं नाक वर उचललं गेलं.

"काका, ती चालू आहे. पाय दे."

"नाहीच चालू. हे बघ, पाय देऊन दाखवतो. हलते का बघ. हे बघ, हे बघ..."

पच्चक.

लिंबू चिरडलं. रस उडाला. टिकलीच्या मिश्यांवर एक थेंब पडला.

काकाने वाकून लिंबाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "हलली की गं."

काका उठला. धोतर सावरत धावला. "ए ट्रकवाल्या, थांब जरा. आकडा सोड. खाली घे तिला."

"दादा, अंधार पडेल. उशीर होतोय."

"होऊ दे."

ट्रकवाल्याने गाडी खाली घेतली. काकाने खिटी ओढली. टक्.

झाकण उघडलं. कर्रर्र.

ठिपका बाहेर येईना.

टिकली आत गेली. इंजिन दगडासारखं गार. चिंधी गार. चिंधीतला ठिपका गार. एवढासा. गोळा झालेला.

"ठिपक्या, भाकरी आणली आहे."

ठिपका बोलेना. ठिपका हलेना.

काकाने त्याला तळहातावर घेतलं. दुसरा हात वर झाकला. मध्ये फट ठेवली. फटीतून गरम गरम वाफ सोडली.

हाऽ हाऽ.

काही नाही.

हाऽ हाऽ.

काही नाही.

हाऽ हाऽ.

शेपूट हललं. एवढंसं.

"ताई," ठिपका म्हणाला, "भाकरी कुठंय?"

ठिपका बाहेर आला.

ट्रकवाल्याने पुन्हा आकडा लावला. खटॅक. या वेळी काकाने त्याला थांबवलं नाही. जुनी गाडी निघाली. मागे मागे, ओढत ओढत. वळणावर तिने हॉर्न दिला. पीऽप. तिच्यात कोणी बसलं नव्हतं तरी दिला.

काका रडला नाही. मुळीच नाही. त्याच्या डोळ्यांत धूळ गेली, म्हणून त्याने डोळे पुसले. वारा सुटला होता ना.

मग काका म्हणाला, "आता तुम्ही दोघं कुठं राहणार? नव्या गाडीत पाय ठेवाल तर खबरदार. तारा कुरतडाल."

टिकली म्हणाली, "तिच्यात ऊबच नाही. आम्हालाही नको."

कौसामावशी खराटा घेऊन आली. तिने उंदीर पाहिले. काकाचे डोळे पाहिले. खराटा खाली ठेवला.

"गिरणीच्या मागे भोक आहे," ती म्हणाली. "दळण झालं की तिथं कोमट असतं. मी काही पाहिलं नाही. पण पुन्हा पोत्याला दात लावलास ना टिकले, तर खराटा आहे आणि तू आहेस."

काकाने चिंधी उचलून दिली. टिकलीने एक टोक धरलं, ठिपक्याने दुसरं. तुरुतुरु तुरुतुरु. भोकात गेले. भाकरी अर्धी अर्धी खाल्ली. तिथं जुन्या गाडीइतकं गरम नव्हतं. पण गार नव्हतं.

आता बाजारच्या दिवशी नवी गाडी जाते. आवाज नाही, काही नाही. माणसं नेते, कोंबड्या आणते. कोणाला कळू नये म्हणून काका तोंडानेच हळू आवाज काढतो. घुर्र. घुर्र.

संपली गोष्ट. आता एक कबूल करतो. सगळं खरं सांगितलं, एवढंच एक मी माझ्या मनाचं घातलं. उंदीर खरे. लिंबू खरं. पोत्याला गुदगुल्या झाल्या, तेही खरं.

वारा मात्र खोटा. त्या संध्याकाळी झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.