पडलेला प्रश्न

एका विद्यापीठात एकदा एक तरुण प्राध्यापक आपल्या वृद्ध गुरूंकडे तणतणतच आला. मागोमाग पदवीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मान खाली घालून उभी राहिली.

"गुरुजी, हिला मी उत्तम संशोधन-विषय दिला. पद्धत आखून दिली, निष्कर्ष काय निघेल तेही सांगून ठेवलं. आता ही म्हणते, माझं नाव काढून टाका! आपणच समजवा."

आता एवढं आयतं ताट मांडल्यावर मुलीने भूक नाही म्हणावं, याचा कुणालाही राग येईलच. पण गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मुलीला विचारलं, "बाळ, सरांकडे पहिल्यांदा गेलीस ती कशासाठी?"

ती चाचरत म्हणाली, "आमच्या पानमळ्यात हादग्यावर चढलेल्या वेलीची पानं खुडल्यावर लवकर डागाळत नाहीत. शेवग्यावरच्या वेलीची डागाळतात, हे घरचे सगळे वर्षानुवर्षं पाहत आलेत. असं का, ते विचारायला गेले होते. सर म्हणाले, सावलीचा फरक असेल. मग त्यांनी हा विषय दिला."

गुरुजींची सारी हयात पानवेलीच्या अभ्यासात गेली होती. तरी ते म्हणाले, "मला नाही बुवा ठाऊक. पण खरंच तसं होतं का, हे तू कसं ठरवशील?"

मुलगी बोलू लागली. दोन्ही झाडांवरची सारख्या वयाची पानं घ्यायची, एकाच वेळी खुडायची, एकाच टोपलीत ठेवायची. बोलता बोलता तिची मान वर आली. नाव काढण्याचं ती विसरूनच गेली.

ती गेल्यावर प्राध्यापक म्हणाला, "गुरुजी, आपण चक्क खोटं बोललात!"

"खोटं कसं? तिच्या मळ्यातला हादगा मी कुठे पाहिलाय?" गुरुजी हसले. मग शांतपणे म्हणाले, "अरे, आपल्या भाषेत प्रश्न नुसता विचारत नाहीत, तो पडतो. ज्याला पडतो, त्यानेच तो उचलायचा असतो. तिला पडलेला प्रश्न तू झटकन उचललास, उत्तर देऊन संपवलास आणि तुझा प्रश्न तिच्या हाती ठेवलास. तो ती कशासाठी सांभाळेल? आपण जवळ उभं राहावं. तिचा तोल गेला, तर सावरावं."

प्राध्यापकाला ते लागलं, पण पटलंही.

काही आठवड्यांनी ती मुलगी त्याच्या खोलीच्या दारात आली. चेहरा पडलेला होता. "सर, काहीच फरक निघाला नाही. दोन्हीकडची पानं सारखीच डागाळली."

'माझाच विषय घेतला असतास तर!' हे वाक्य त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि समोरची खुर्ची पुढे सरकवली.

"मग इतकी वर्षं घरच्या सगळ्यांना फरक का दिसत होता?"

मुलगी खुर्चीत बसली. "सर, हे तर मी पाहिलंच नाही."

"मीही नाही," प्राध्यापक म्हणाला. आणि या वेळी ते अक्षरशः खरं होतं.