नावाड्याचे बारा झोंगझी

फार पूर्वी चीन देशात एका रुंद नदीच्या काठी एक कुंभार राहत होता आणि त्याच्या कुंपणापलीकडे एक नावाडी. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, दोघांनी सत्तरी गाठलेली. पण नावाडी अजून ताठ चालायचा. कुंभाराला मात्र नदीवरून घरी येताना चढावर तीनदा बसावे लागायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या गावात नावांच्या शर्यतीचा सण असे. त्या दिवशी घरोघरी झोंगझी करत. चिकट तांदळात लाल चवळी किंवा चरबीचे मांस भरायचे, बांबूच्या पानात तिकोनी बांधायचे आणि उकडायचे. कुंभार एका बैठकीला नऊ-दहा झोंगझी खाई आणि पुढचे दोन दिवस पोट धरून पडून राही.

मग बायको म्हणे, "अहो, जरा शेजारी बघा. या वयात पोरांच्या बरोबरीनं वल्हं मारतात ते!"

हे वाक्य कुंभाराला पायात काटा मोडावा तसे सलत राही. लहानपणी पोहण्यात तोच पुढे असे. मग आता सगळे कौतुक नावाड्याच्या वाट्याला का? रस्त्यात कोणी "नावाडीबाबा बरे आहेत ना?" असे विचारले, तरी कुंभाराचे तोंड कडू होई.

विचार करता करता त्याने मनाशी ठरवून टाकले, 'हा झोंगझीत नक्की कसलंतरी औषध घालतो. स्वतः खातो आणि मला सांगत नाही.'

त्या वर्षी सणाच्या सकाळी कुंभार कुंपणाला डोळा लावून बसला. नावाड्याने वाफाळते झोंगझी टोपलीत काढले, वर फडके टाकले आणि नावेला निशाण बांधायला तो नदीवर गेला. टोपली ओट्यावरच राहिली.

कुंभार कुंपण ओलांडून ओट्यापाशी गेला. पन्नास वर्षांच्या शेजारात त्याने नावाड्याची काडीही उचलली नव्हती. क्षणभर तो थांबला. तेवढ्यात नदीवरून पोरांचा ओरडा आला, "नावाडीबाबा आले! नावाडीबाबा आले!"

कुंभाराने टोपली उचलली.

भट्टीमागे बसून त्याने पहिला झोंगझी सोडला. आत नुसता तांदूळ, चवळी आणि मांसाचा एक लहान तुकडा. औषध दिसेना. 'बारीक वाटून घातलं असेल,' असे म्हणून त्याने दुसरा खाल्ला. मग तिसरा. कोणी येईल या भीतीने तो न चावताच गिळू लागला. सहावा संपेपर्यंत उरलेले थंड आणि घट्ट झाले होते. पोट 'पुरे' म्हणत होते, पण मन म्हणत होते, 'एकही मागे ठेवू नकोस. त्याचं सगळं बळ तुला मिळू दे.' त्याने बाराही संपवले.

थोड्याच वेळात त्याचे पोट दगडासारखे झाले. श्वास वर येईना, अंगाला दरदरून घाम फुटला. कुंभारीण धावत नदीवर गेली. शर्यत सुरू होणारच होती. तिचे रडणे ऐकताच नावाडी शर्यतीच्या नावेतून उतरला, त्याने कुंभाराला आपल्या होडीत घातले आणि एकट्याने वल्ही मारत पलीकडच्या वैद्याकडे नेले.

वैद्य म्हणाला, "आणखी उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं."

संध्याकाळी कुंभाराला जरा बरे वाटले. नावाडी उशाशीच होता. कुंभाराने तोंड भिंतीकडे फिरवले.

"तुझी टोपली मीच नेली. बाराही मी खाल्ले. तुझं बळ मला हवं होतं."

नावाडी म्हणाला, "बारा? अरे गड्या, त्यातला माझा एकच होता."

"एकच?"

"वर्षानुवर्षं एकच खातो मी. सकाळचा, गरम गरम, सावकाश चावून. सोबत पालेभाजी आणि फिका चहा. चिकट तांदूळ म्हाताऱ्या पोटाला जड जातो. बाकीचे अकरा घाटावरच्या अकरा पोरक्या पोरांचे. आज ती पोरं माझ्या ओट्यावरून रिकाम्या हातानं परत गेली असतील."

कुंभाराला ते शब्द असे लागले, की त्यापेक्षा पोटदुखी बरी. "तुला माझा राग नाही आला?"

"आला ना. शर्यतही हुकली. पण मला एकदा विचारलं असतंस, तर या ओट्यावर बसून दोघांनी मिळून खाल्लं असतं. याचं जास्त वाईट वाटतं."

कुंभाराच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

दुसऱ्या दिवशी त्याने कुंभारणीला तांदूळ भिजत घालायला सांगितले. पाने त्याने स्वतः दुमडली. गाठी वेड्यावाकड्या पडल्या. झोंगझी उकडून झाले, तेव्हा वासाने त्याच्या तोंडाला पाणी सुटले, पण वैद्याने सांगितलेली पातळ पेज पिऊन तो उठला. टोपली घेऊन, मध्ये दोनदा बसत, तो घाटावर गेला आणि एकेका मुलाच्या हातावर गरम झोंगझी ठेवत म्हणाला, "कालचा झोंगझी तुमचाच होता, बाळांनो. मी खाल्ला होता. सावकाश खा हं."

बोध इतकाच: दुसऱ्याचा घास हिसकावून त्याचं आरोग्य आपल्याला मिळत नाही; आपला घास मोजका असेल आणि उरलेला वाटला असेल, तरच तो अंगी लागतो.