सरकारांचं उघडं डोकं

पौषातली सकाळ होती. रात्रभर बोचरा वारा सुटला होता, पण उजाडताना तो पडला आणि लख्ख ऊन आलं. फोटो काढायला याहून चांगला दिवस मिळायचा नाही. आणि अर्जुनतात्या जिनगर मात्र पायरीवर कपाळाला हात लावून बसलेला.

कुंभेरी संस्थानात फोटो काढणारा तो एकटाच. झालं होतं असं, की रावसाहेब सरकारांना विलायतेला जायचं होतं, आणि बोटीच्या परवान्यावर फोटो लागत होता. तात्यानं पहिला फोटो काढला तो पगडीसकट. मुंबईच्या कचेरीनं तो परत पाठवला. म्हणे, डोकं उघडं पाहिजे. आता कुंभेरीत डोकं उघडं ठेवायचं ते सुतकात. सरकारांचं डोकं तर त्यांच्या न्हाव्याखेरीज कुणी पाहिलेलंच नव्हतं.

मग फोटो ज्या काचेवर उमटतो, त्या काचेवरची पगडी तात्यानं चाकूच्या टोकानं हळूहळू खरवडली, तिथं पेन्सिलीनं केस काढले, भांगही पाडला. तो फोटोही परत आला. 'केस कानातून उगवले आहेत. हात लावलेला फोटो चालणार नाही,' असा शेरा वर.

काल सरकारांनी तात्याला समोर उभं केलं.

"फोटो उघड्या डोक्याचाच पाहिजे," ते म्हणाले. "त्यावर चाकू नाही, पेन्सिल नाही. आणि माझं उघडं डोकं माझ्या राज्यात कुणी बघायचं नाही. उद्या संध्याकाळी डाकेत पडला नाही, तर तुझा कॅमेरा सरकारजमा."

कॅमेरा गेला म्हणजे चूलच विझली. तात्याची सून हौसा तांब्या घेऊन बाहेर आली. फोटोच्या काचा औषधात धुण्याचं काम घरात तीच करायची.

"मामंजी, च्या निवला."

"निवू दे. डोळे मिटून फोटो कसा काढायचा, ते सांग आधी."

"तुम्ही कशाला काढता? सरकारांचं डोकं रोज कोण बघतं?"

"येसबा न्हावी."

"मग त्यालाच काढू द्या की."

तात्या उठला आणि निवलेला चहा एका घोटात प्याला.

वाड्यावर सरकारांच्या खोलीत तात्यानं कॅमेरा मांडला. पगडीसकट सरकारांना खुर्चीत बसवून कॅमेऱ्याची नजर जुळवली, फोटो घेताना दाबायचा रबरी गोळा येसबाच्या हातात दिला आणि स्वतः दाराच्या पडद्याबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"सरकार, आता पगडी उतरवा. हलू नका. येसबा, दाब!"

"दाबला," आतून येसबा म्हणाला. "पण तात्या, वस्तरा बरा. तो हातात धरला की सरकार आपोआप गप बसतात."

"येसबा, तोंड आवर," सरकारांचा आवाज आला.

बंद पेटीतली काच घरी गेली. हौसानं अंधाऱ्या खोलीत लाल कंदील लावून ती धुतली, वाळवली आणि फडक्यात गुंडाळून परत आणली. काचेवरून कागद छापायचं काम येसबानंच केलं, सरकारांच्या खोलीत, तात्या पडद्याबाहेरून सांगेल तसं. फोटो पाकिटात गेला, पाकिटावर लाख बसली.

सरकारांनी डोक्यावर पगडी चढवली आणि कारभाऱ्यांसकट सगळ्यांना आत बोलावलं. आणि तिथंच त्यांच्या डोक्यात किडा वळवळला.

"थांबा. ती काच धुतली कोणी?"

तात्या पुढं होणार, तोच हौसा म्हणाली, "मी धुतली, सरकार."

"अंधारात?"

"लाल कंदील होता."

"म्हणजे दिसत होतं. काचेवर माझं डोकं तू पाहिलंस."

"पाहिलं, सरकार."

कारभाऱ्यांनी पानाचा डबा हळूच मिटला.

"काय पाहिलंस?" सरकार पुढं वाकले. "खरं सांग. खोटं बोललीस, तर कॅमेऱ्याबरोबर कंदीलही जमा करीन."

"खरंच सांगते. कपाळापासून मानेपर्यंत काळंभोर डोकं. एवढीसुद्धा मोकळी जागा नाही. मिशा तेवढ्या पांढऱ्याफेक."

सरकारांचा हात आपल्या कलप लावलेल्या मिशांवर गेला. "पांढऱ्या?"

"दुधासारख्या. काचेवर सगळं उलटं उमटतं, सरकार. गोरं ते काळं, काळं ते पांढरं. आणि जे जास्त चकाकतं, ते जास्त काळं. तसलं काळंभोर डोकं कुंभेरीत आहे कुणाचं? ते काचेतले गृहस्थ वाटेत भेटले असते, तर मी ओळखलं नसतं, पदरसुद्धा सावरला नसता."

येसबानं तोंडात उपरणं कोंबलं. सरकारांनी आधी हनुवटी घट्ट दाबून धरली. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी ते असे हसले, की पगडी घसरून कानावर आली आणि दोन्ही हातांनी धरावी लागली.

"कारभारी, हिला पैठणी द्या. तात्याला शेला द्या. आणि ती काच मला आणून द्या. माझ्या निजायच्या खोलीत लावायची आहे."

शेला खांद्यावर टाकून तात्या घरी आला. शेजारचा मल्लू तांबट अंगणात उन्हाला बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आपल्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवला आणि म्हणाला, "तात्या, उद्या माझाही एक काढ. कागद नको मला, नुसती काच दे."