रिंगणात राहिलेला पैलवान

एका गावात एक पैलवान होता. गाव जपानातलं, त्यामुळं पैलवान सुमो. नाव एवढं लांब की हाक मारून होईपर्यंत तो कोपऱ्यावरून वळून गेलेला असायचा. म्हणून आपण त्याला नुसतं पैलवान म्हणू.

सुमोचा नियम सोपा आहे. मातीचं गोल रिंगण, कडेनं पेंढ्याचा जाड दोर. दोराबाहेर पाय पडला की हरला. तळपाय सोडून अंगाचं काहीही मातीला टेकलं तरी हरला. मग ते ढुंगण असो नाहीतर करंगळी.

पैलवान पंधराव्या वर्षी तालमीत गेला. दोन वर्षं मोठ्यांच्या पाठी चोळल्या, त्यांच्यासाठी हंडाभर रस्सा ढवळला. मग स्वतः जेवायला बसला, तो उठला तेव्हा दाराएवढा झाला होता. पुढच्या दहा वर्षांत एकदाही पडला नाही. आता फक्त सगळ्यात मोठा किताब राहिला होता. ती कुस्ती पुढच्या महिन्यात होती.

तेवढ्यात गावचं बोलावणं आलं.

गावात एक जुनी रीत होती. भाताची लावणी झाली की एक पैलवान रिंगणात उतरायचा, आणि समोर कुणीच नसायचं. म्हणजे दिसायचं नाही. लोक त्याला शेताचा राखणदार म्हणायचे. पैलवान हवेशी झोंबायचा आणि शेवटी आपणहून पाठीवर पडायचा. पंच हातातला लाकडी पंखा राखणदाराच्या बाजूला वर करून तो जिंकला म्हणून सांगायचा. मग सगळे जेवायला.

"वस्ताद, मी काय पडणार नाही," पैलवान म्हणाला.

"का रं?" म्हाताऱ्या वस्तादांनी विचारलं.

"आजवर कुणापुढं पडलो नाही. आता वाऱ्यापुढं पडू? लोक हसतील."

"मीबी पडलो होतो. माझे वस्तादबी पडले होते. कोण हसलं नाही."

"तुमचं पोट बघून हिंमत झाली नसंल कुणाची."

वस्तादांना हसू आलं नाही. "का पडायचं ते मला म्हाईत नाही," ते म्हणाले. "पण न पडलेला मी एकबी बघितला नाही."

रिंगणाच्या कडेला त्याची आई डबा घेऊन बसली होती. "लवकर पड आणि ये," ती म्हणाली. "भात गार होतोय."

भर दुपार होती. पैलवानानं रिवाजाप्रमाणं मूठभर मीठ उधळलं. अर्धं मीठ खाली पडलं. अर्धं समोर हवेतच थांबलं, छातीच्या उंचीवर, कुणाच्या तरी अंगाला चिकटल्यासारखं. शेतातले बेडूक सगळे एकदम गप झाले.

पैलवानाच्या मानेवर काटा आला. पण तो पुढं झेपावला, आणि त्याच्या हाताला खरोखरचे हात लागले. तळ्याच्या तळाशी असतो तसल्या गाळासारखे गार.

आता पडायचं होतं. एवढंच करायचं होतं. पण त्याला तो किताब आठवला, आणि त्यानं जोर लावला.

गंमत म्हणजे राखणदार जोर लावतच नव्हता. तो मागं मागं सरकत होता, घाईघाईनं. दोरापाशी पोचल्यावर पैलवानाच्या कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "लई उपकार झाले."

दोराबाहेर दोन ओली पावलं उमटली. मग आणखी दोन. मग ती डोंगराच्या दिशेनं पळत सुटली.

"जिंकलो," पैलवान म्हणाला. कुणी त्याच्याकडं बघितलंच नाही.

"अरे, गेला कुठं हा?" आई म्हणाली.

"आये, हितंच हाय की," तो ओरडला. ती त्याच्या आरपार बघत होती. त्यानं दोर ओलांडायला पाय उचलला. पाय दोरापर्यंत गेला आणि परत आत आला. ती ओली पावलं बघून वस्तादांनी मात्र डोकं धरलं. जो हरतो तो बाहेर जातो आणि जो जिंकतो तो रिंगणात उरतो, हा साधा नियम त्यांना तेव्हा कळला.

किताब दुसऱ्या कुणीतरी घेतला.

पुढच्या वर्षी लावणीनंतर नवा पैलवान आला. आमच्या पैलवानानं ठरवलं होतं, आता हरायचं आणि घरी जायचं. कडेला म्हातारी आई हात जोडून त्या नव्या पोराला म्हणत होती, "पडू नको रे बाबा. जरा उभा राहा."

पण त्या पोरानं गोष्ट ऐकली होती. पंचानं इशारा केला आणि कुणी हात लावायच्या आधीच ते धाडकन आडवं झालं. पंचानं पंखा रिकाम्या बाजूला वर केला.

तेव्हापासून दर वर्षी हेच चाललंय. आई डबा घेऊन येते आणि तसाच घेऊन जाते. पैलवान अजून एकही कुस्ती हरलेला नाही.

तात्पर्य: ज्याला कुठंच पडायचं नसतं, त्याला आहे तिथंच उभं राहावं लागतं. पडलेला निदान उठून घरी जेवायला तरी जातो.