सगुणाच्या अंगणातला अडुळसा

डोंगराच्या कुशीत, जिथं धुकं उशिरापर्यंत लोळत पडतं, तिथं एका इवल्याशा खोपटात सगुणा आणि तिची आई राहायच्या. आई वेण्या गुंफून गावात विकायची. पण थंडी आली, जाई-जुईचा बहर सरला, अंगण उघडंबोडकं झालं. त्यातच आईला खोकला जडला. ढास लागली की बिचारी पोट धरून बसायची.

एका सकाळी सगुणा झऱ्याकाठी काटक्या वेचत होती. गवतात काहीतरी चमचमलं. दवाचा थेंब? छे! बोटाएवढी परीच होती ती! तिचे निळे-जांभळे पंख गारठून ताठ झाले होते. सगुणानं तिला अलगद ओंजळीत घेतलं, फुंकरीची ऊब दिली, आपल्या भाकरीचा मऊ कण भरवला.

पंख थरथरले. "गोड मुली, तीन इच्छा माग," परी किणकिणली. "पण ऐक हं! मागशील ते या डोंगराचंच हवं. लावायचं तू, पाणी घालायचं तू. आणि उगवेल त्यातलं पहिलं दुसऱ्याला द्यायचं, नाहीतर सारं कोमेजेल."

"मला कोरांटी हवी! आणि अबोली!"

परीनं दोन चिमुकल्या बिया दिल्या. सगुणानं त्या रुजवल्या, आणि बघता बघता कुंपणावर पिवळी, जांभळी कोरांटी हसली, पायरीपाशी अबोलीचे केशरी तुरे डुलले. कोरांटीचं पहिलं फूल कुडकुडणाऱ्या मधमाशीनं पटकावलं. अबोलीचं पहिलं फूल शेजारच्या आजींच्या अंबाड्यात गेलं. आई उठून वेण्या गुंफू लागली. खोकला मात्र हटेना.

"परीताई, आईला बरं कर ना!"

"ते मला नाही गं जमत. डोंगरात काय काय उगवतं, आठव बघू."

सगुणाचे डोळे लकाकले. "अडुळसा! वणव्यात सगळा जळाला होता. तो दे!"

अडुळशाचं रोपटं आलं, पण एवढंस्सं! पानं जेमतेम एका काढ्यापुरती. सगुणा ती खुडणार, तोच गावातल्या रखमाकाकू धावत आल्या.

"सगुणे, माझा छबू खोकून खोकून लालबुंद झालाय गं! थोडी पानं देतेस?"

आत आई खोकत होती. सगुणाला रडूच फुटलं. पण छबू केवढासा! तिनं सगळी पानं काकूंच्या पदरात घातली.

आणि काय नवल! उघड्या काडीला सळसळून पालवी फुटली, पांढऱ्याशुभ्र फुलांचे तुरे लहडले, रोपट्याचं झुडूपच झालं! आईनं काढा घेतला. हळूहळू तिचा खोकला थांबला, छबूचाही. मग गावातली पोरं डोंगरात लावायला फांद्या मागू लागली, आणि सगुणानं कुणालाच नाही म्हटलं नाही.

"आता हा डोंगर पुन्हा हिरवा होणार," परी म्हणाली. तिनं सगुणाच्या गालाची पापी घेतली. कोवळ्या उन्हात सोनेरी लखलख झाली, आणि परीच्या जागी नुसता प्रकाश उरला.