फट राहिलेल्या चोचीचे करकोचे

भाविकहो, वैनगंगेकाठच्या सावरटोला गावी सुकाजी महाराज त्या चातुर्मासात तळ्याच्या पाळीवर, चिंचेखाली मुक्कामाला होते. देऊळ सोडून झाडाखाली का, तर महाराज संतापले होते.

मासे धरणाऱ्या ढिवराच्या गिरजाचा वरचा ओठ जन्मापासून फाटलेला. बोल तुटके निघत, पण भजनाला ती कधी चुकली नाही. गावचा जमीनदार, मालगुजार हरबाजी याने भर देवळात तिला उठवले. "फाटक्या तोंडानं देवाचं नाव घेतं का? अपशकुन होते. चाल, नीघ." माणूस माजला की त्याला देवाचे कानही आपल्याच मालकीचे वाटतात. या चिंचेवर दरसाल करकोचे घरटी करत. चोच मिटली तरी मधे फट राहणारे. तेही अभद्र म्हणून त्याने डफडी बडवून हाकलले. गिरजाला उठवले तेव्हाच महाराजही त्याच पावली देवळातून उठले आणि गिरजाने भजन टाकले.

धानाची रोवणी झाली आणि बांध्यांत, म्हणजे पाणी भरलेल्या धानाच्या शेतांत, गोगलगायी सुटल्या. कोवळा धान बघता बघता फस्त होऊ लागला. टोपल्या भरभरून वेचल्या, तरी पुन्हा तितक्याच. हरबाजी धावत चिंचेखाली आला.

"महाराज, गाव उपाशी मरन. काहीतरी करा."

"मी काय करू?" महाराज कडाडले. "जे तोंड तू बंद केलंस, त्याला विचार."

गिरजा तिथेच जाळे विणत होती. "याच्यासाठी मी नाव घेनार नाही," ती म्हणाली. तिने जाळ्याची गाठ करकचून ओढली.

"राग असू दे, बाई," महाराज म्हणाले. "पण याच्या पापापायी तू आपला देव का सोडतेस? रागातच म्हण."

तिने डोळे मिटले आणि भांडल्यासारखे, ओरडून रामाचे नाव घेतले.

काय सांगावी ती कृपा! नदीपलीकडून करकोच्यांचे थवेच्या थवे बांध्यांत उतरले. गुळगुळीत शंख चिखलात दाबून धरायचा, खालच्या चोचीचे टोक आत सरकवायचे आणि गर सबंध ओढून काढायचा, असे त्यांचे काम चालले. सरळ चोचीचे बगळे बांधावर नुसते बघत राहिले. सांजेपर्यंत चिखलात रिकामे शंख तेवढे उरले.

"ही फट देवाने चुकून ठेवली वाटलं तुला?" महाराज म्हणाले.

हरबाजी त्यांच्या पायाशी वाकला. महाराजांनी पाय आखडून घेतले. "इकडे नाही. तिकडे."

भर गावासमोर मालगुजाराने गिरजापुढे डोके टेकले. मोठा माणूस असा वाकला की आपल्याकडे बाईमाणूस संकोचून मागे सरते. गिरजा सरली नाही.

"उद्या भजनाला मी पुढं बसीन," ती म्हणाली.